शाहीर अण्णा भाऊ साठे : चालीतून विचाराकडे

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे अक्षरांची सेवा करणाऱ्या या वास्तूत, ज्याच्या वाट्याला शाळा जवळजवळ आलीच नाही अशा एका कवीची आठवण काढणे कोणाला विसंगत वाटेल. अण्णा भाऊ साठे यांचे शालेय शिक्षण दीड दिवसाचे, असे सांगितले जाते. पुढे मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचीत त्यांनी अक्षरओळख पक्की केली. अशा माणसाने पोवाडे, लावण्या, लोकनाट्ये, कथा आणि कादंबऱ्या यांचा केवढा तरी संभार मराठीला दिला. त्यांच्या कादंबऱ्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. शाहिरीविषयी मात्र बहुधा एकच वाक्य पुन्हा पुन्हा उच्चारले जाते : त्यांनी जुन्या साच्यात नवा आशय ओतला. हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. गाण्याचा साचा म्हणजे काही मातीचा साचा नव्हे. त्यालाही स्वतःचा स्वभाव असतो, स्वतःच्या आठवणी असतात. अण्णा भाऊंनी त्या आठवणी पुसल्या नाहीत, त्यांनाच कामाला लावले. त्यांच्या निर्मितीचे मर्म येथे आहे.

१ ऑगस्ट १९२० रोजी वाळवे तालुक्यातील वाटेगाव येथे मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव तुकाराम. पोटासाठी हे कुटुंब पायी चालत मुंबईला गेले. तेथे अण्णा भाऊंनी हमाली केली, कोळसा वेचला, गिरणीत काम केले. मध्यंतरी गावी परतल्यावर ते नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात रमले. ढोलकीची लय, झिलकऱ्यांनी उचलून धरायची ओळ, सोंगाड्याची हजरजबाबी बतावणी, हे सारे त्यांना पुस्तकातून नव्हे, तर फडात उभे राहून मिळाले. बेचाळीसच्या चळवळीनंतर ते पुन्हा मुंबईला आले ते हा ऐवज सोबत घेऊनच. माटुंग्याच्या लेबर कॅम्पातील कामगारवस्तीत त्याला राजकीय विचाराची जोड मिळाली. आधी चाल अंगात मुरली आणि मग विचार आला, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

याच वाळवे तालुक्यातील हरणाक्ष रेठऱ्याचे पठ्ठे बापूराव हे त्यांच्या आधीच्या पिढीचे थोर लावणीकार. बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली. तीत नवख्या डोळ्यांना दिपवणारी मोठी बाकदार नगरी दिसते. अण्णा भाऊंनीही ‘मुंबईची लावणी’ लिहिली. त्यांनी लावणीची वर्णनशैली सोडली नाही. लावणीकार जसा नायिकेचे नखशिखांत वर्णन करतो, तसे त्यांनी शहराचे केले. पण वर्णन करणारी नजर बदलली. ती मलबार हिलच्या वैभवावरून निघते आणि परळात घाम गाळणाऱ्यांच्या वस्तीपर्यंत उतरते. ज्या रीतीने रूपाचे कौतुक व्हायचे, त्याच रीतीने विषमतेची मोजदाद होऊ लागली. श्रोत्याचा कान ओळखीच्या वाटेने चालत असतो आणि डोळ्यांपुढे मात्र अनोळखी दृश्य उभे राहते. कोरड्या भाषणाने जे साधत नाही, ते येथे साधते.

१९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. कलापथकाच्या तमाशात अण्णा भाऊंनी केलेला बदल धाडसाचा होता. परंपरेने तमाशाचा आरंभ गणेशवंदनाच्या गणाने होतो. त्यामागून कृष्ण, पेंद्या, मावशी यांची गौळण येते, बतावणी रंगते आणि शेवटी वग उभा राहतो. अण्णा भाऊंनी गण ठेवला, पण वंदन मायभूमीला आणि शिवछत्रपतींना केले. गौळण त्यांनी वगळली. वगात राजा-प्रधानाच्या जागी सावकार, शेठजी, निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार अशी माणसे आणली. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजीचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’ या नावांवरूनच त्यांचा रोख कळतो. एक बारकावा मात्र विसरता कामा नये. त्यांनी गण काढून टाकला असता, तर प्रेक्षकाला खेळ सुरू झाल्यासारखे वाटलेच नसते. वंदनाची जागा रिकामी ठेवायची नाही, वंद्य तेवढे बदलायचे, ही समज पोथीतून आलेल्या सुधारकाची नव्हे, फडात वाढलेल्या कलावंताची आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तिची झळ या कलापथकालाही लागली. त्यानंतरच्या काळात तमाशाच्या या नव्या रूपासाठी ‘लोकनाट्य’ हा शब्द रूढ झाला.

या सर्व वाटचालीचे परिपक्व फळ म्हणजे ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड. सीमाभागात हे गाणे ऐकले नाही असे घर जुन्या पिढीत विरळाच. परंतु ते कसे घडले आहे, याकडे फारसे पाहिले जात नाही.

पेशवाईतील लावणीची विरहिणी आठवून पाहावी. पती मोहिमेवर गेलेला आणि मागे राहिलेली स्त्री आपली व्यथा सांगते, अशी ती रचना असते. अण्णा भाऊंनी बोलणारा बदलला. येथे घर सोडून गेलेला पुरुष बोलतो, आणि तो गेला आहे तो तलवार गाजवायला नव्हे, तर गरिबीने ढकलला म्हणून. पहाटेची वेळ आहे. भाकरतुकडा बांधून झाला आहे. पत्नी गावदरीपर्यंत पोचवायला येते. तो तिला हसवू पाहतो, पत्रे धाडीन म्हणतो, दागिन्यांनी मढवीन म्हणतो. ती हसत नाही. नुसता हात उंचावून उभी राहते. मग मुंबई येते : बेकारांची गर्दी, यंत्रांचा गदारोळ, एकावर एक माड्या, आणि साध्या छत्रीला महाग झालेला, खिशात पावसाचे पाणी साठलेला एक मजूर. कोकणातल्या आणि घाटावरच्या शेकडो गावांतून गिरण्यांकडे गेलेल्या माणसांचे हे आत्मवृत्तच होय.

याच टप्प्यावर गाण्यात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी राहते आणि अखेरीस उपमा प्रकट होते : मैनेची आणि त्याची जशी ताटातूट, तशीच गत खंडित महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे एकामागून एक येतात आणि शाहीर एकीची विनवणी करून थांबतो. उपमा इतक्या उशिरा आली म्हणूनच ती काळजाला भिडते. आरंभीच मैना म्हणजे सीमाभाग असे सांगितले असते, तर ती केवळ प्रतीक होऊन राहिली असती. श्रोत्याने आधी हाडामांसाची बाई पाहिली, तिच्यासाठी त्याचा जीव हळहळला. मग तीच हळहळ नकाशाच्या रेषेकडे वळवली गेली.

रचनेचे आणखी एक वैशिष्ट्य व्याकरणाचे आहे. या छक्कडीतील बहुतेक ओळींचा शेवट ‘ची’ या षष्ठीच्या प्रत्ययावर होतो. गायला ते सोपे जाते, झिलकऱ्यांना ओळ उचलणे सुकर होते, आणि दागिन्यांची, शहरातल्या वस्तूंची, माणसांच्या थरांची यादी हवी तितकी लांबवता येते. पण षष्ठी ही संबंधाची आणि स्वामित्वाची विभक्ती आहे. गाणे पुढे सरकते तसा हा निरुपद्रवी प्रत्यय प्रश्न विचारू लागतो : ही मुंबई कोणाची? ही भूमी कोणाची? मैना कोणाची? सीमाप्रश्न म्हणजे तरी दुसरे काय? १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी तेच बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले. सारा वाद या एका विभक्तिप्रत्ययाचा आहे. अण्णा भाऊंनी हे योजून केले की लयीच्या ओघात ते घडले, याचा निवाडा करण्याची गरज नाही. ज्याच्या अंगात चाल मुरलेली असते, त्याच्याकडून भाषा अशी कामे आपणहून करून घेते.

म्हणून त्यांची सर्वच शाहिरी याच उंचीची आहे, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्टालिनग्राडच्या पोवाड्यासारख्या रचनांत आवेश मोठा आहे. परंतु जो प्रसंग दूरच्या वार्तेवरून रंगवावा लागतो, तेथे घोषणा कवितेवर मात करते. जेथे वाटेगावची गावदरी आणि मुंबईची चाळ एकमेकींना भेटतात, तेथे त्यांचा शब्द अचूक बसतो. पुढे ते गद्याकडे अधिकाधिक वळले. १९५९ साली आलेली ‘फकिरा’ त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. तिच्यातील निवेदनाची धाव पाहिली की पोवाडा रचणारा हात ओळखू येतो. १९६१ साली त्यांनी रशियाचा प्रवास केला. पण अखेरचे दिवस हलाखीचेच गेले. १८ जुलै १९६९ रोजी, पन्नाशीही न गाठता, त्यांचे निधन झाले. त्यांचा जोडीदार अमर शेखही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला. २०२२ साली मॉस्कोतील विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊंचा पुतळा बसला. शाळेने ज्याला दीड दिवस ठेवले, त्याला ग्रंथालयाने कायमची जागा दिली!

श्रोतेहो, येथे दोन गोष्टींचा विचार झाला पाहिजे. छापील छक्कड म्हणजे अर्धी छक्कड. कपाटातल्या पुस्तकात शब्द आहेत. चाल, झील, ढोलकीचा ठेका, ओळ कोठे तोडायची आणि दम कोठे घ्यायचा, हे पुस्तकात नाही. ते ज्यांच्या कानात आहे, अशी माणसे या भागात दिवसेंदिवस कमी होत आहेत. शंभरी गाठलेल्या ग्रंथालयाने त्यांच्याकडून गाऊन घ्यावे, ध्वनिमुद्रित करावे आणि पुस्तकाशेजारी जपून ठेवावे. हे काम आणखी दहा वर्षांनी करू म्हटले, तर होणार नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ही छक्कड मुंबईहून गायली गेली आहे. तीत गेलेला माणूस बोलतो. मागे राहिलेली मैना एक शब्दही बोलत नाही, ती हात उंचावून उभी असते. इतर महाराष्ट्र हे गाणे त्या पुरुषाच्या जागी उभा राहून ऐकतो. येथील माणूस मात्र ते मैनेच्या जागेवरून ऐकतो. पिढ्या उलटल्या, घरात मराठी आणि कचेरीत कानडी असा संसार तिने नेटाने केला, शेजाऱ्याशी जिव्हाळाही जोडला. तिला काय म्हणायचे आहे? जुन्या लावणीने मागे राहिलेलीला वाणी दिली होती. अण्णा भाऊंच्या गाण्याचे उत्तर तिच्या तोंडून यायचे अजून राहिले आहे. ते मुंबई-पुण्याहून येणार नाही. आले तर याच गावांतून, आणि बहुधा याच वाचनालयाच्या बाकावर बसून वाचणाऱ्या एखाद्या मुलीच्या लेखणीतून येईल.

त्या उत्तरासाठी हे दार असेच उघडे राहो, एवढी सदिच्छा.