पुस्तकाभोवतीं बसलेला वर्ग

शाळेच्या ओसरीवरून जातांना एखादा वर्ग अगदीं शांत आढळला, तर पाहणाराला समाधान वाटतें. गुरुजी धडा समजावून देत आहेत, मुलें वह्यांत टिपून घेत आहेत, कोठें कुजबूज नाहीं. शिक्षण म्हणतात तें हेंच, असें पालकही मानतात. परंतु त्या तासाला धडा वाचला कोणीं, असा प्रश्न केला म्हणजे उत्तर अवघड होतें. वाचला तो गुरुजींनीं. अर्थ लावला तोही त्यांनींच. मुलांच्या वांट्याला आली ती केवळ नक्कल. अशीं दहा-बारा वर्षें काढलेला विद्यार्थी परीक्षा उत्तम रीतीनें उतरतो. आणि पुढें एखादा करारनामा, एखादा अग्रलेख किंवा एखाद्या पुढाऱ्याचें भाषण समोर आलें, कीं त्याचा अर्थ सांगावयास दुसऱ्या कोणाला तरी शोधूं लागतो. खरें नुकसान होतें तें येथें.

या दुखण्यावर एक उपाय अमेरिकेंत करून पाहण्यांत आला. न्यू हॅम्पशायरमध्यें एक्झिटर गांवीं फिलिप्स एक्झिटर अकॅडमी ही १७८१ सालीं स्थापन झालेली शाळा आहे. एडवर्ड हार्कनेस या धनिकानें १९३० सालीं तिला ५८ लाख डॉलरांची देणगी दिली, ती वर्गाची रीतच बदलावी म्हणून. बांकांच्या रांगा गेल्या आणि एका लंबवर्तुळाकार मेजाभोवतीं बारा-एक विद्यार्थी व एक शिक्षक बसूं लागले. अशा मेजाला मागचा बांक नसतो. प्रत्येकाला प्रत्येकाचें तोंड दिसतें. हार्कनेसच्या डोळ्यांपुढें सामान्य मुलगा होता. मोठ्या वर्गांत जो तोंड उघडीत नाहीं, त्याला येथें धीर यावा ही त्याची इच्छा. १९३७ सालीं अनॅपोलिस येथील सेंट जॉन्स कॉलेजनें तर थोर ग्रंथांचें वाचन व त्यांवरील चर्चा हाच अभ्यासक्रमाचा कणा ठरविला. तेथें शिक्षकाला प्राध्यापक म्हणत नाहींत, ट्यूटर म्हणतात. आरंभींचा प्रश्न त्यानें विचारावयाचा आणि पुढील वाट विद्यार्थ्यांनीं काढावयाची.

कल्पना अर्थातच जुनी आहे. प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादांत सॉक्रेटीस एका गुलाम मुलाला दोन फूट बाजूचा चौरस दाखवून त्याच्या दुपटीच्या क्षेत्रफळाचा चौरस काढावयास सांगतो. मुलगा म्हणतो, बाजू चार फूट करावी. पाहतो तों क्षेत्रफळ आठाऐवजीं सोळा होतें. मग तीन म्हणतो. तें नऊ होतें. अखेर आपल्याला ठाऊक नाहीं, असें तो कबूल करतो, आणि तेथूनच त्याचें शिकणें सुरू होऊन कर्णावरील चौरसापर्यंत येऊन पोंचतें. मात्र या कथेंत एक इशाराही आहे. पुढें मुलगा बहुतेक वेळां ‘होय’ एवढेंच म्हणतो. प्रश्नांच्या पोटांतच उत्तर असतें. वर्गांत असे प्रश्न होऊं लागले, कीं चर्चेच्या नांवाखालीं व्याख्यानच चालतें.

म्हणून सर्व कांहीं प्रश्नाच्या निवडीवर अवलंबून आहे. उदाहरणार्थ, महाभारतांतील द्यूतसभेचा प्रसंग घ्यावा. धर्मराजानें आधीं स्वतःला पणास लावलें कीं द्रौपदीला, या प्रश्नाचें उत्तर पानावरच सांपडतें. त्यावर चर्चा होत नाहीं. आज असा प्रसंग घडला तर काय करावें, या प्रश्नाला पान न वाचतांही उत्तर देतां येतें. परंतु द्रौपदीच्या प्रश्नाचा निर्णय भीष्मांना सुचला नाहीं, कीं सुचूनही त्यांनीं दिला नाहीं? येथें पान पुन्हां उघडावेंच लागतें. जो स्वतः पराधीन झाला त्याला दुसऱ्याचा पण लावतां येत नाहीं, हेंही भीष्म म्हणतात. आणि पत्नी पतीच्या अधीन असते, हेंही म्हणतात. दोन्ही बाजूंना आधार आहे, आणि खुद्द शिक्षकाच्याही मनांत निर्णय पक्का झालेला नाहीं. चर्चेला योग्य असा प्रश्न तो हाच.

उतारा लहान असावा, मुलांनीं तो आधीं दोनदां वाचलेला असावा, आणि पुस्तक प्रत्येकाच्या हातीं उघडें असावें. शिक्षकानें वारंवार विचारावयाचें तें एवढेंच: हें कोणत्या ओळीवरून म्हणतोस? जें पानाच्या उघड विरुद्ध आहे त्याला मतभेद म्हणून सोडून देऊं नये. सर्वांत कठीण काम मात्र गप्प बसण्याचें. १९७० नंतरच्या दशकांत मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनें दाखविलें, कीं प्रश्न टाकल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात; तेच तीन सेकंद थांबले तर मुलांचीं उत्तरें लांब व विचारपूर्ण होतात.

चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गांत हें कसें साधावें, ही शंका रास्त आहे. हार्कनेसची संपत्ति प्रत्येक शाळेला लाभावयाची नाहीं. पण मेजावांचून अडत नाहीं, सतरंजी पुरते. पंधरा मुलांनीं आंतल्या वर्तुळांत बसून बोलावें, बाकीच्यांनीं बाहेर बसून कोण काय आधार देतो याची टिपणें घ्यावीं, आणि अर्ध्या तासानें जागा बदलाव्या. व्याकरण आणि गणिताचे पाढे चर्चेनें येत नाहींत, ते शिकवावेच लागतील. आठवड्यांतून एक तास मात्र असा देतां येण्यासारखा आहे.

न्यायशास्त्रानें संभाषणाचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्याकरितां तो वाद, जिंकण्याकरितां तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडतां नुसतें खोडून काढणें ती वितंडा. मोठ्या माणसांच्या सभांतून शेवटचे दोन फार ऐकूं येतात. पहिला लहानपणींच शिकावा लागतो. द्यूतसभेंत वडीलधारे निरुत्तर बसले असतां धृतराष्ट्राच्या पुत्रांपैकीं एकटा विकर्ण उठला, आणि पण कसा लागला याचीं कारणें एकामागून एक मांडून द्रौपदी जिंकली गेली नाहीं, असें म्हणाला. संध्याकाळीं मूल घरीं आल्यावर गुण किती पडले, याबरोबरच आज काय वाचलेंस आणि तुला त्यांत काय पटलें नाहीं, एवढें आईबापांनीं विचारलें, तर तसें उठून बोलण्याची तयारी घरींही होऊं लागेल.