कागदी रुमालावरचे वचन

(हीरक महोत्सवी वर्षात पालक व विद्यार्थ्यांपुढे झालेल्या भाषणाचा पाठ)



१४ डिसेंबर २००० हा दिवस. बार्सिलोना शहरातील एका टेनिस क्लबमध्ये तीन गृहस्थ बसले होते. त्यांपैकी कार्लेस रेशाक हे बार्सिलोना फुटबॉल क्लबचे तांत्रिक संचालक, तर उरलेले दोघे मध्यस्थ. तेरा वर्षांच्या एका अर्जेंटिनी मुलाला क्लबमध्ये घ्यायचे की नाही, हा निर्णय तीन महिने रखडला होता आणि मुलाच्या वडिलांचा धीर सुटत चालला होता. अखेर रेशाक यांनी हाताशी आलेल्या कागदी रुमालावर काही ओळी लिहिल्या. काहींचा विरोध असला तरी, ठरलेल्या रकमा पाळल्या जाणार असतील तर, स्वतःच्या जबाबदारीवर या मुलाला घेऊ, असा त्यांचा आशय होता. खाली सह्या झाल्या. मुलाचे नाव लिओनेल मेस्सी. मे २०२४ मध्ये बॉनहॅम्स या लिलाव संस्थेने तो रुमाल ७ लाख ६२ हजार ४०० पौंडांना विकला.

दहा क्रमांकाची जर्सी घालून मैदानात उतरणाऱ्या मुलांना ही कथा तोंडपाठ असते. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. फेब्रुवारी २००१ मध्ये मेस्सी कुटुंब रोसारिओ सोडून बार्सिलोनाला आले. मुलाच्या शरीरात वाढीच्या संप्रेरकाची उणीव होती आणि तो रोज रात्री स्वतःच्या हाताने पायात इंजेक्शन टोचून घेत असे. या उपचारांचा खर्च क्लब उचलणार, हे त्या वचनाचे कुटुंबाच्या दृष्टीने मोठे मोल होते. मार्चमध्ये त्याचा पाय मोडला. नोंदणीची कागदपत्रे अडकल्यामुळे जवळपास वर्षभर त्याला प्रमुख स्पर्धांत खेळता आले नाही. धाकट्या बहिणीला तिथली शाळा आणि तिथली कातालान भाषा मानवेना. काही महिन्यांतच आई तिला व इतर मुलांना घेऊन रोसारिओला परतली. वडील आणि लिओनेल मागे राहिले. एका घराची दोन घरे झाली, आणि मध्ये अटलांटिक महासागर.

परदेशच कशाला, देशातल्या देशातही हा वियोग सोपा नसतो. बार्सिलोना क्लबचे ‘ला मासिया’ हे वसतिगृह १७०२ साली बांधलेल्या एका दगडी शेतघरात १९७९ पासून चालू होते. आंद्रेस इनिएस्ता तिथे १९९६ मध्ये बारा वर्षांचा असताना आला, तो स्पेनमधल्याच एका लहानशा गावातून. सुरुवातीचे दिवस आपण रडून काढले, हे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. आपल्याकडेही वार लावून जेवत शिकलेल्या मुलांच्या पिढ्या होऊन गेल्या. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी पान वाढले जाई, आणि त्या पानावर बसताना मुलाला काय वाटत असेल याची नोंद कुठल्या वहीत झाली नाही. पण त्या मुलांनी घर सोडले होते ते शिकण्यासाठीच. त्यांच्या अंगच्या गुणांची पुढे विक्री होईल, असा हिशेब वाढणाऱ्या माउलीच्या मनात नव्हता.

क्लबांच्या मनात तो असतो आणि त्यात लपवण्यासारखेही काही नाही. तयार खेळाडू विकत घ्यायला कोट्यवधी युरो लागतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलावर त्या मानाने किरकोळ खर्च होतो. दहांतला एक जरी तयार झाला तरी बाकीच्या नऊ जणांचा खर्च निघून वर नफा उरतो. शिवाय युरोपीय स्पर्धांच्या नियमांनुसार प्रत्येक संघात काही खेळाडू ‘स्थानिक प्रशिक्षित’ असावे लागतात. तिथे स्थानिक ठरण्यासाठी जन्म वा राष्ट्रीयत्व पाहिले जात नाही. वयाच्या पंधरा ते एकवीस या काळात तीन हंगाम त्या देशात नोंदणी असली की पुरे. म्हणजे पंधराव्या वर्षी परक्या मुलखातून आणलेला मुलगा अठराव्या वर्षी कागदोपत्री भूमिपुत्र होतो. नियम स्थानिक मुलांसाठी केला, आणि त्यानेच परदेशी मुलांना लवकर उचलण्याचा मोह वाढवला.

मेस्सी बार्सिलोनात आला त्याच वर्षी, १ सप्टेंबर २००१ पासून, फिफाचे नवे नियम लागू झाले. अठरा वर्षांखालील खेळाडूला एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबात नेण्यावर त्यांनी बंदी घातली. आज या नियमाला मोजके अपवाद आहेत. आईवडील फुटबॉलखेरीज अन्य कारणाने स्थलांतरित झाले असतील तर, किंवा घर आणि क्लब दोन्ही सीमेलगत असतील तर परवानगी मिळू शकते. युरोपीय संघाच्या अंतर्गत सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांनाही मुभा आहे, पण तिच्यासोबत एक अट येते, आणि शिक्षकी पेशातल्या कोणाचेही लक्ष तिच्यावरच खिळावे. फुटबॉल सुटला तर दुसरा व्यवसाय करता येईल असे शालेय वा व्यावसायिक शिक्षण मुलाला देण्याची हमी क्लबने दिली पाहिजे, असे तो नियम सांगतो. पाय अधू होऊ शकतो, प्रशिक्षकाची मर्जी बदलू शकते, हे जगातल्या सर्वांत मोठ्या क्रीडासंघटनेने तिथे लेखी कबूल केले आहे. रेशाक यांच्या रुमालावर रकमांचा उल्लेख होता, शाळेचा नव्हता.

नियम झाला तरी बरीच वर्षे तो सैलपणेच पाळला गेला. एप्रिल २०१४ मध्ये मात्र फिफाने बार्सिलोनावर कारवाई केली. २००९ ते २०१३ या काळात दहा अल्पवयीन परदेशी खेळाडूंच्या बाबतीत नियमभंग झाल्याचा ठपका ठेवून, दोन हंगामी खिडक्यांत नवे खेळाडू घेण्यास मनाई आणि साडेचार लाख स्विस फ्रँकचा दंड झाला. ला मासियाला हात लावू नका, असा फलक क्लबच्या मैदानावर झळकला. वर्षअखेरीस क्रीडा लवादाने क्लबचे अपील फेटाळले आणि २०१५ भर ती मनाई अमलात आली. पुढे रेआल माद्रिद, अत्लेतिको माद्रिद आणि इंग्लंडच्या चेल्सीवरही अशीच कारवाई झाली. त्यांपैकी रेआल आणि चेल्सीची शिक्षा लवादाने निम्म्यावर आणली.

शिक्षा क्लबला झाली खरी, पण तिचा भार मुलांच्या खांद्यांवरही पडला. दक्षिण कोरियाचा ली सुंग-वू २०११ मध्ये बार्सिलोनात आला होता. त्याला २०१३ पासून अधिकृत सामने खेळू दिले गेले नाहीत; जानेवारी २०१६ मध्ये अठरावे वर्ष पुरे होईपर्यंत तो मैदानाच्या कडेला उभा राहिला. पंधरा ते अठरा ही वर्षे खेळाडूला पुन्हा कुठून मिळणार? क्लबने जानेवारी २०१६ मध्ये नवे खेळाडू मैदानात उतरवले आणि व्यवहार पूर्ववत सुरू झाला. जपानचा ताकेफुसा कुबो दहाव्या वर्षी तिथे गेला होता. तो २०१५ मध्ये मायदेशी परतला आणि टोकियोच्या क्लबात दाखल झाला. अठरा वर्षांचा होताच, २०१९ मध्ये, त्याला रेआल माद्रिदने घेतले; आज तो स्पेनमध्ये नावाजलेला खेळाडू आहे. घरी परतणे म्हणजे सारे संपणे नव्हे, हे कुबोच्या उदाहरणावरून दिसते. मात्र प्रत्येकाला टोकियो मिळत नाही, हेही तितकेच खरे.

या नियमाची आणखी एक मर्यादा आहे, आणि ती अधिक दाहक आहे. ज्या मुलाची नोंदणी होते, तोच नियमाला दिसतो. पश्चिम आफ्रिकेतील कित्येक मुलांची नोंदणी कधी होतच नाही. कोणी स्वतःला क्लबचा प्रतिनिधी म्हणवतो, मुलाची तारीफ करतो, चाचणीचे पत्र दाखवतो. घरचे लोक जमीन, दागिने विकून प्रवासाचे पैसे उभे करतात. विमान पॅरिसला उतरते आणि प्रतिनिधी नाहीसा होतो. मुलाजवळ पर्यटकाचा व्हिसा तेवढा असतो. तो संपला की परतायची लाज आणि पोलिसांची भीती यांच्यामध्ये तो अडकतो. कॅमेरूनचे माजी खेळाडू जाँ-क्लोद म्बूमँ यांनी अशा टाकून दिलेल्या मुलांसाठी २००० साली फ्रान्समध्ये ‘कुल्त्यूर फुट सोलिदेर’ ही संस्था काढली. ज्यांची दखल कुठला क्लब घेत नव्हता, त्यांची दखल एका निवृत्त खेळाडूला घ्यावी लागली.

घानामध्ये १९९९ साली सुरू झालेल्या ‘राइट टू ड्रीम’ या अकादमीने वेगळी वाट धरली. मूल मायदेशातच राहते, तिथेच शाळा शिकते. ज्यांच्या खेळाला मर्यादा पडतात, त्यांतल्या काहींना परदेशी विद्यालयांच्या शिष्यवृत्त्या मिळतात. पुढे या अकादमीच्या चालकांनी डेन्मार्कचा नॉर्शेलँड क्लबच ताब्यात घेतला. आक्राचा मोहम्मद कुदुस अठरा वर्षांचा झाला आणि काही दिवसांतच त्या क्लबकडून मैदानात उतरला. यातही व्यापार आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पण त्या व्यापाराआधी मुलाची शाळा पुरी होते.

पालकहो, परदेशी अकादमीची पत्रे आणि जाहिराती भारतातल्या घरांतही पोहोचू लागल्या आहेत. असे पत्र हाती पडले, तर मुलाच्या खेळाची स्तुती करणारा परिच्छेद सोडून द्यावा आणि उरलेला मजकूर सावकाश वाचावा. पाठवणाऱ्या क्लबशी आपण होऊन थेट संपर्क साधून ते पत्र खरे आहे काय, याची खात्री करून घ्यावी. चाचणीसाठी आगाऊ पैसे मागितले असतील, तर तिथेच थांबावे. मुलगा कोणत्या शाळेत, कोणत्या भाषेत शिकणार, रात्री आजारी पडला तर त्याच्या उशाशी कोण बसणार, आणि निवड झाली नाही तर परतीचे तिकीट कोणाच्या नावावर निघणार, ही उत्तरे लेखी मागावीत. ती येईपर्यंत मुलाचे नाव या शाळेच्या हजेरीपटावर राहू द्यावे.