अर्ज मोबाईलवर करा, पण नंबर जपून ठेवा
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण बाबासाहेबांचा लढा नुसता रस्त्यावर नव्हता, कागदावरही होता. १९१९ साली त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला निवेदन दिलं. सरकारशी लेखी बोलायचं आणि काय पाहिजे ते नेमकं मागायचं, ही त्यांची शिकवण.

आम्ही गिरणीतली माणसं. साहेबाला भेटायचं म्हणजे खाडा व्हायचा, पगार कापला जायचा. आता तक्रार घरबसल्या करता येते. फक्त दार बरोबर पाहिजे. गटार, पाणी, दिवे हे महानगरपालिकेचं काम. रेशन, दाखले, शिष्यवृत्ती राज्याचं. त्यासाठी २०१५ पासून ‘आपले सरकार’ पोर्टल आहे. रेल्वे, पोस्ट केंद्राचं, त्यासाठी सीपीग्राम्स. पी.एफ.चं तक्रार पोर्टल वेगळं. तुम्ही म्हणाल, थेट पंतप्रधानांनाच लिहू! लिहा. पण ते पत्रसुद्धा सीपीग्राम्समधून खालच्या संबंधित खात्याकडेच येतं. म्हणून पुढाऱ्याच्या नावापेक्षा तक्रारीचा मजकूर महत्त्वाचा.

आपल्या वस्तीतल्या एका मुलीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडली होती. कॉलेज म्हणे, फॉर्म पुढे पाठवला. पोर्टलवर दिसे, फॉर्म कॉलेजकडेच पडून आहे. फी भरा, नाहीतर परीक्षेला बसू नका, असा तगादा. पोरांनी मंत्र्यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर मेसेज फिरवले. त्याची नोंद कुठे होणार? मग आम्ही तिला घेऊन बसलो. अर्जाचा क्रमांक, तारीख, पोर्टलच्या पानाचा फोटो आणि मागणी एकच: फॉर्म कोणाकडे अडला ते कळवावे व पुढे पाठवावा. काही दिवसांनी उत्तर आलं, ‘तक्रार निकाली’. फॉर्म मात्र जागेवरच!

बहुतेक माणसं इथेच हात टेकतात. आम्ही माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून संबंधित कार्यालयाला विचारलं: या क्रमांकाच्या तक्रारीवर कोणत्या तारखेला, कोणी, काय कारवाई केली? २००५ च्या कायद्याने ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मुदत संपायच्या आत फॉर्म पुढे सरकला. मुलगी परीक्षेला बसली.

बंधू-भगिनींनो, ही जादू नाही. कोर्टात चालू असलेलं प्रकरण सीपीग्राम्स घेत नाही. तिथे २०२४ पासून २१ दिवसांची मुदत ठरली आहे, पण उत्तर येणं वेगळं आणि काम होणं वेगळं. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत अपील करा. एका तक्रारीत एकच विषय लिहा. शिवीगाळ नको. ओटीपी फोनवरून मागणाऱ्याला देऊ नका.

आमची एक सूचना आहे. दर रविवारी वंदनेनंतर शिकलेल्या पोरा-पोरींनी तासभर मोबाईल घेऊन विहारात बसावं. आजी-आजोबांनी आपलं गाऱ्हाणं सांगावं, पोरांनी लिहावं. एक वही ठेवावी: नाव, विषय, तक्रारीचा नंबर, मुदत संपण्याची तारीख. तारीख उलटली की पुढचा अर्ज. एकट्याचा अर्ज थकतो, वही थकत नाही.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, असं आपण नेहमी म्हणतो. ही वही त्यातलंच काम आहे. येत्या रविवारी सुरू करूया.

जयभीम! नमो बुद्धाय!