भिंतीला रंग मारला, ओल कुठे गेली?

आजचा विषय कदाचित तुमच्याच बेडरूममध्ये आहे. कपाट जरा पुढे ओढून मागची भिंत बघा. काळे-हिरवट ठिपके दिसतायत? कुबट वास येतोय? मग ती बुरशी आहे.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात हे चालायचंच, असं आपण धरून चालतो. घरमालकाचं उत्तरही ठरलेलं असतं: "पाऊस संपला की रंग मारून देतो." आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर बग तसाच ठेवून फक्त एरर मेसेज लपवायचा. भिंतीतलं पाणी तिथेच राहतं आणि पुढच्या जुलैत ठिपके परत हजर.

हे किती महागात पडू शकतं, ते इंग्लंडमध्ये दिसलं. रॉचडेल गावात अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये गेला. त्याच्या वडिलांनी बुरशीची तक्रार केली होती, तेव्हा त्यांनाही वरून रंग मारायला सांगितलं होतं. २०२२ मध्ये चौकशीचा निकाल आला: घरातल्या बुरशीमुळे श्वसनाचा विकार होऊन मृत्यू. पुढे तिथे त्याच्या नावाने कायदा झाला.

प्रत्येक डाग जीवघेणा नसतो, घाबरू नका. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच सांगितलंय, की ओलसर घरात खोकला, छातीतली घरघर आणि दमा यांचा धोका वाढतो. "एवढी बुरशी चालते" अशी सुरक्षित मर्यादाही ठरवता आलेली नाही.

आता एसी. साधा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. आतली कॉइल ओली असते. त्यावर धूळ बसली की बुरशीची सोय झाली, आणि तीच हवा रात्रभर आपल्या नाकात.

मग करायचं काय?

फिल्टर दर दोन आठवड्यांनी धुवा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. ड्रेन पाइप तुंबलाय का बघा. अंघोळीनंतर आणि स्वयंपाक करताना एक्झॉस्ट चालू ठेवा. ओले कपडे बंद बेडरूममध्ये वाळत घालू नका. कपाट भिंतीपासून थोडं लांब ठेवा. खोकला घरी वाढतो आणि बाहेर गेल्यावर कमी होतो, असं जाणवलं तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

आणि घरमालकाला तारखेसकट फोटो पाठवा. रंग कोणता, हे नंतर ठरवू. आधी विचारा: काका, पाणी येतंय कुठून?