शनीच्या माथीं मारलेला एक हात

(सोलापुरांत विणकर व शेतकरी मंडळींपुढें केलेलें भाषण)



मोहाविषयीं चार शब्द बोलावे अशी आपली आज्ञा झाली. मोह म्हटला कीं दारूचा गुत्ता डोळ्यांपुढें येतो. जोतीराव फुले पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते तेव्हां, १८८० सालीं, त्यांनीं शहरांत दारूचीं दुकानें वाढविण्यास लेखी हरकत घेतली. गरिबाच्या वाटेवर मोह मांडून बसणारा दोषी आहेच. आजही कोठें कोठें गांवच्या बाया मतदान करून बाटली आडवी करतात, तें योग्यच करतात. पण गुत्ता उठल्यावर शेजारच्या गांवाकडे वळणाऱ्या पायांचा जाब कोणाला विचारावयाचा? आम्हीं दारू कधीं घेतली नाहीं, याचा आम्हांस गर्व होता. आमचा मोह सुताचा.

सोलापूर हें मागांचें शहर. १८७७ सालीं येथें कापडगिरणी सुरू झाली, तरी घरोघरचे हातमाग खटखटत राहिले. गोष्ट पन्नास वर्षांपूर्वींची. व्यापारी सूत तोलून देई, आम्ही नऊवारी लुगडें विणून परत करीत असूं, मजुरी नगावर. घरीं बाप अंथरुणावर, दारीं सावकाराचा तगादा. अशांत व्यापाऱ्याचा गुमास्ता म्हणाला, "लुगड्यामागें एक हात कमी विणा. मापून घेणारा मीच. वाचलेलें सूत निम्में तुमचें, निम्में माझें." नऊ वार म्हणजे अठरा हात, अठरा लुगड्यांमागें एका लुगड्याचें सूत वाचे. पहिल्या दिवशीं हात थरथरला. आठव्या दिवशीं थरथरला नाहीं.

मग सबबी सुचूं लागल्या. गुमास्त्यानें शिकविलें, सावकारानें भाग पाडलें, सगळेच करतात. एका ज्योतिष्यानें साडेसाती सांगितली तेव्हां तर जीव भांड्यांत पडला! शनिवारीं शनीला तेल वाहिलें आणि रविवारीं पुन्हां आंखूड विणलें.

आणि हे आम्ही कोण, तर जोतीरावांचें नांव घेणारे! त्यांच्यामागें १८९१ सालीं छापलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकां'त दैवाची आणि आकाशांतल्या ग्रहांची चांगलीच झडती आहे. निर्मीक आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको, म्हणून १८७३ सालीं सत्यशोधक समाज निघाला. सभांतून या गोष्टीला आम्हीं टाळ्या वाजविल्या. दलाल गेला म्हणजे दक्षिणा वाचली, एवढेंच आम्हांस कळलें. दलालाबरोबर आपलें पाप धुऊन देणाराही गेला, हें सोयीस्करपणें विसरलों.

ज्वारीची काढणी उरकून आत्या मंगळवेढ्याकडून आली. ओसरीवर बसली, पदर डोईवर ओढूं लागली, आणि हंसून म्हणाली, "अरे, हल्लीं लुगडं पुरतच नाहीं बघ. कासोटा घातला कीं पदर आंखूड पडतो. माझंच अंग सुटलं असंल." अंग कसलें सुटतें! हाडांचा सांपळा होती ती. लुगड्याचा काठ आम्हीं ओळखला. आमच्याच मागाचा. तिनें न केलेला दोष स्वतःकडे घेतला, आणि आम्हीं केलेला आठ महिने शनीवर टाकीत होतों.

दुसऱ्या दिवशीं गुमास्त्यास सांगितलें, यापुढें पुरे नऊ वार. त्यानें दोन महिने सूत दिलें नाहीं. बापाचें औषध उधारीवर आणलें, चूल एक वेळ पेटली. कोणी म्हणेल, गरिबाला निवड कोठली? त्याची निवड फार अरुंद असते, हें आम्हीं भोगलें आहे. पण त्या दिवशीं मागावर बसून कापड कोठें तोडावयाचें, हें गुमास्ता ठरवीत नव्हता. तो तर तेथें नव्हताच. त्याचा दोष त्याच्याकडे राहो. त्यानें आमचा कमी होत नाहीं.

आत्याला पुरें लुगडें विणून दिलें आणि कारणही सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. हातानें लांबी मोजून पाहिली, अठरा भरले, तेव्हां घडी घातली. आमच्या वहींत त्या आठ महिन्यांचीं शहाण्णव लुगडीं मांडलेलीं आहेत. एकाचा पत्ता लागला. बाकीचीं पंच्याण्णव कोणाच्या अंगावर विटलीं, कोणत्या बाईनें शेतांत पदर ओढतांना स्वतःलाच बोल लावला, हें शोधावयास आतां वाट नाहीं.