काशीचे शल्यगुरू सुश्रुत



वाराणसीत काशिराज दिवोदास धन्वंतरींच्या चरणी बसून सुश्रुत शल्यविद्या शिकले, अशी परंपरा आहे. त्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या संहितेत मुखरोग 65 मानले असून त्यांपैकी 15 हिरड्यांचे व 8 दातांचे आहेत. वरचा दात हलत असला तरी रक्तस्रावाच्या भयास्तव तो उपटू नये, अशी ताकीदही तीत आढळते.

सैन्यासोबत जाणाऱ्या वैद्याचा तंबू राजनिवासालगत असावा. विष, बाण वा रोग यांनी पीडित झालेल्यास तो तत्काळ गाठता यावा, असे संहिता सांगते. मात्र केवळ ग्रंथ पाठ केलेला वैद्य, रणांगणी भेकडाने गांगरावे तसा, रुग्णासमोर गांगरतो.

म्हणून सुश्रुतांचा शिष्य कोहळा, भोपळा, काकडी यांवर छेद घ्यायला शिके आणि दात उपटण्याचा सराव मृत पशूंच्या दातांवर करी. चुकायचे ते येथेच चुकावे, म्हणजे पुढे रुग्णाला त्याचे मोल द्यावे लागत नाही. मुलांच्या वहीतील खाडाखोड पाहून चिंतावणाऱ्या पालकांनी काशीची ही पाठशाळा अवश्य आठवावी.