कायक आणि विद्या



करजगीसारख्या गावी मुलगा हाताशी आला, की घरात एकच विचार सुरू होतो : त्याला कॉलेजात धाडावे, की धंद्यास लावावे? बाराव्या शतकात कल्याणच्या अनुभवमंटपात परीट मडिवाळ माचय्या व नावाडी अंबिगर चौडय्या यांना मानाचे स्थान होते, हे सर्वविदित आहे. तेव्हा कायक हीच विद्या समजून शाळा सोडविण्याचा मोह होतो. त्याच शरणांनी वचनेही रचली, हे मात्र विसरले जाते.

अलीकडचा दाखला लक्ष्मणराव किर्लोस्करांचा (१८६९–१९५६). बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा हा तरुण चित्रकलेसाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला. रंगभेद डोळ्यांना नीट कळेना, म्हणून तो यंत्रांच्या रेखाटनाकडे वळला. अभियंत्याची पदवी त्यास कधीच मिळाली नाही. बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी! लोखंडी फाळाने जमीन नासेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती घालविण्याची युक्ती कोणत्या क्रमिक पुस्तकात सापडणार? तथापि यंत्राचे रेखाटन करण्याची विद्या शाळेचीच होती.

पुढे याच लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशिक्षणसंस्थेत शिकले. अनुभवावर उभ्या राहिलेल्या घराने दिलेला हा कौल वजनदार आहे. पदवीवाचून किती चाचपडावे लागते, हे त्या घराइतके कोणास ठाऊक? शंतनुराव १९२६ साली पदवी घेऊन परतले, आणि वाडीच्या कारखान्यातच कामास लागले.